बोहाड्यातले सोंग घराण्याबाहेर द्यावे का?

मूळ मत:
पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागातल्या बोहाड्यात, म्हणजे देव-दानवांचे मुखवटे घालून रात्री नाचण्याच्या आदिवासी उत्सवात, अनेक गावांत कोणते सोंग (मुखवट्याचे पात्र) कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते, आणि बापाने घेतलेला मुखवटा पुढे मुलाकडे जातो. हा मान टिकावा असे मलाही मनापासून वाटते. परंतु होळीपासून वैशाखापर्यंतचा बोहाड्याचा काळ नेमका स्थलांतराचा असल्याने, दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर गेलेला मुलगा सोंगासाठी गावी येऊ शकत नाही. अशा वेळी त्या घराचे सोंग बंद ठेवण्यापेक्षा, ज्याला त्याची चाल येते अशा गावातल्या कोणालाही ते द्यावे, मग ती मुलगी का असेना.

विरोधी प्रतिसाद:
हे मला मान्य नाही. मुखवट्याची पूजा होते आणि सोंग घेणारे घर त्याच्याशी श्रद्धेने बांधलेले असते. आधी येणाऱ्या गणपतीपासून जगदंबा आणि महिषासुराच्या युद्धापर्यंत प्रत्येक सोंगाची चाल निराळी. संबळाचा ठेका बदलताच जड मुखवट्याखालचे पाऊल कसे बदलायचे, हे मुलगा मशालींच्या उजेडात बापाला वर्षानुवर्षे पाहूनच शिकतो. मान एकदा खुला झाला की ज्याच्याकडे पैसा तोच जगदंबेचे सोंग मागेल, आणि गरीब घराजवळ असलेली ही एकच प्रतिष्ठाही जाईल. घरच्या मुलीला मात्र जरूर शिकवावे. ती त्याच घराची आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
पैशाची भीती रास्त आहे, म्हणूनच बदली नाचणाऱ्याचे नाव त्या घरानेच सुचवावे आणि मान घराच्याच नावावर राहावा. पण बापाला पाहून शिकायचे, तर मुलगा त्या रात्री गावात हवा ना? लहानपणापासून आईबापांबरोबर भट्टीवर राहिलेल्या मुलाने सोंग पाहायचे तरी कधी?

विरोधी प्रतिसाद:
तोच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मुखवटा दुसऱ्याच्या हाती देण्यात नाही. बोहाड्यासाठी गावात वर्गणी निघते. त्यातून त्या घराच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करावी, आणि उचल घेतानाच बोहाड्याच्या रात्रींची सुटी मुकादमाकडून पंचांसमोर कबूल करून घ्यावी. एवढे करूनही जो आला नाही, त्याच्या सोंगाबद्दल मग बोलू.