मँगनीजच्या गाठी गाळात गाडल्या का जात नाहीत?

खाडीकाठची (ऐरोली)
लेक अकरावी सायन्सला आहे. तिच्या प्रोजेक्टसाठी खोल समुद्राच्या तळावर पडलेल्या मँगनीज नोड्यूल्सबद्दल, म्हणजे धातूंच्या गाठींबद्दल, वाचतोय आणि दोघीही एकाच जागी अडकलोय. गाठ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते म्हणे. गाळ मात्र हजार वर्षांत एकदोन मिलिमीटर साचतो, म्हणजे त्याच दहा लाख वर्षांत एकदोन मीटर! मग गाठ वरच कशी राहते? आणि पाण्यात मँगनीज जवळजवळ नसतंच, तर ते येतं कुठून?

नौपाडा_काकू (ठाणे)
ताई, मी निवृत्त केमिस्ट. नऊ वर्षं या गाठी दळून, विरघळवून मोजल्यात, म्हणून जरा लांबेल.

दुसरा प्रश्न आधी घेते. गाठीला धातू दोन्हीकडून मिळतात, वरच्या पाण्यातून आणि खालच्या गाळातून. हातात घेतली की कळतं: वरची बाजू बऱ्याचदा गुळगुळीत, चिखलात रुतलेली बाजू खरखरीत. पाण्यातून बसलेल्या थरात मँगनीज आणि लोह जवळपास सारखं, कोबाल्ट जास्त. गाळातून आलेल्या थरात मँगनीज लोहाच्या कितीतरी पट, आणि निकेल-तांबं भरपूर.

गाळातून कसं येतं ते बघायला लेकीला ओहोटीच्या वेळी खाडीवर न्या. चिखलावर तपकिरी साय असते, बोटभर खाली काळाकुट्ट. खाली ऑक्सिजन संपलेला, म्हणून लोह-मँगनीज विरघळून वर सरकतं आणि ऑक्सिजन भेटला की पुन्हा ऑक्साइड होऊन बसतं. पाच किलोमीटर खोलवरचा गाळ आपल्या खाडीसारखा कुजका नाही. अंटार्क्टिकाकडून येणारं थंड पाणी तिथे ऑक्सिजन पोचवतं. तरी धातू विरघळायचा आणि पुन्हा बसायचा, हा खेळ तोच.

पाण्यात मँगनीज नगण्य हे बरोबर. पण एकदा ऑक्साइडचा पापुद्रा बसला की तोच पुढच्या मँगनीजचं ऑक्सिडीकरण घडवतो. त्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे निकेल, तांबं, कोबाल्टचे धन आयन चिकटतात. कोबाल्टचं तर तिथेच पुढचं ऑक्सिडीकरण होतं, मग ते सुटत नाही.

पृष्ठभाग किती प्रचंड, हे मी तराजूवर पाहिलंय. भट्टीत वाळवलेली पूड डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढली की हवेतलं पाणी ओढून डोळ्यांदेखत जड व्हायची. पावसाळ्यात तर वजन घेणं म्हणजे पळापळ. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की हिरवट पिवळा क्लोरीन निघायचा, मँगनीज डायऑक्साइडची खूणच ती. (हे घरी अजिबात करायचं नाही.)

आता गाडलं जाण्याबद्दल. तुमचं गणित बरोबर आहे आणि प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. गाळात फिरणारे प्राणी गाठींना खालून ढोसत राहतात, तळाचे प्रवाह वरचा गाळ धुतात, अशी कारणं दिली जातात. काही गाठी गाडल्या जातातही. मला स्वतःला प्राण्यांचं कारण जास्त पटतं, कारण प्रवाह गाळ नेईल, पण गाठ उचलणार नाही. लेकीने प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न उघडाच ठेवावा. परीक्षकांना आवडो न आवडो, खरं तेच आहे.

कामोठे_भूगोल
काकू, सुंदर. एक भर: गाठ कशाभोवती तरी सुरू होते. शार्कचा दात, बेसाल्टचा तुकडा, जुन्या गाठीचा कपचा. आपल्या मध्य हिंदी महासागरात प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, पुष्कळदा मिळतो. भारताने पहिल्या गाठी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून काढल्या. आज तिथे ७५,००० चौरस किलोमीटरमध्ये शोधाचे हक्क आहेत.

खाडीकाठची
काकू, काल सहा वाजता जेट्टीवर गेलो होतो. खेकड्याच्या बिळांभोवती तपकिरी कडं आहे आणि जरा बाजूला उकरलं की काळं! लेक विचारतेय, बिळातून हवा आत जाते म्हणून तिथेच कडं का? आणि गाठ कापल्यावर झाडासारखी वलयं दिसतात का?

नौपाडा_काकू
हो, बिळामुळेच. वलयंही दिसतात, पण झाडासारखी दरवर्षाची नाहीत. पाच सेंटिमीटरच्या गाठीची त्रिज्या अडीच. वेग दहा लाख वर्षांना पाच मिलिमीटर धरला, तर वय पन्नास लाख वर्षं. बाहेरच्या थरांचं वय बेरिलियम-१० या किरणोत्सारी अणूवरून काढतात. तिला म्हणावं, त्याचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) शोध आणि मला लिही, पुढचं मिळून करू.