पॅरालीगलचा कोर्स: सर्टिफिकेट की असोसिएट डिग्री?

शेंडेफळ:
भारतातून एलएलबी केलंय पण प्रॅक्टिस अशी कधी केली नाही, आता अमेरिकेत आहे आणि वर्क परमिट हातात आलंय. वकिलीच्याच वाटेला जायचं तर एलएलएम, बारची परीक्षा असा मोठा पसारा, म्हणून सध्या पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या हाताखाली सहायक म्हणून काम करण्याचं बघतेय. कम्युनिटी कॉलेजात दोन पर्याय दिसतात, सर्टिफिकेट आणि दोन वर्षांची असोसिएट डिग्री. काही ठिकाणी एबीए अप्रूव्ह्ड असं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नसतं, त्याने खरंच फरक पडतो का? आणि शिकवतात काय? काँट्रॅक्ट, टॉर्ट (नुकसानभरपाईचे दावे) सगळं झालंय माझं, तेच दळण परत दळायचं असेल तर जिवावर येईल.

खर्डेघाशी:
डिग्री आहे ना, मग असोसिएटच्या भानगडीत पडू नका, त्यात इंग्लिश, गणित असले जनरल विषय पण करावे लागतात. एबीए म्हणजे अमेरिकन बार असोसिएशन कोर्सला मान्यता देते, माणसाला नाही, आणि कॉलेजने ती घ्यायलाच पाहिजे असंही नाही. त्यांच्या अटीत एकूण ६० सेमिस्टर क्रेडिटचं शिक्षण आणि त्यातले निदान १८ कायद्याच्या विषयांचे लागतात. तुमची भारतातली डिग्री यात कितपत धरतात ते कॉलेजला आधीच विचारा, मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्यायला वेळ लागतो.

आता दळणाचं. टॉर्ट वगैरे थोडं परत येईलच, पण खरा जोर सिव्हिल प्रोसिजर (दिवाणी खटला चालवायचे नियम) आणि लीगल रिसर्चवर असतो आणि तिथे तुम्ही बाकीच्यांइतक्याच नवख्या असाल, राग मानू नका. उदाहरणार्थ डिस्कव्हरी, म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांकडून कागद-पुरावे मागवणं. समोरच्या पार्टीने कागद मागितले की ढीगभर ईमेल उपसायचे, प्रत्येक पानावर बेट्स नंबर (ओळीने येणारा पानाचा क्रमांक) टाकायचा, वकील-अशिलातलं गुप्त काही असेल ते बाजूला काढून त्याची प्रिव्हिलेज लॉगमध्ये नोंद करायची. फेडरल कोर्टात काही फाइल करताना सोशल सिक्युरिटीचे शेवटचे ४ आकडेच ठेवायचे, जन्मतारखेचं फक्त वर्ष, लहान मुलांची नुसती आद्याक्षरं. बाकीचं झाकायला पीडीएफवर नुसता काळा चौकोन चिकटवला तर खालचा मजकूर कॉपी-पेस्ट करून वाचता येतो, हे शिकलेल्या लोकांना पण माहीत नसतं!!

तिसराबाक:
खर्डेघाशींना +१. फक्त एथिक्सचा विषय हलक्यात घेऊ नका, तुमच्याकडे एलएलबी आहे म्हणून तर जास्तच सांगतोय. अशील फोनवर विचारतो, मी सेटलमेंटवर सही करू का? तुम्हाला उत्तर माहीत असतं, जिभेवर आलेलं असतं, पण द्यायचं नाही, वकिलांना विचारून कळवते एवढंच. लायसन्स नसताना सल्ला देणं म्हणजे वकिली केल्यासारखंच धरतात.

अजून एक, कोर्स संपल्यावर कॉलेजचं सर्टिफिकेट मिळतं पण नावापुढे सीपी (सर्टिफाइड पॅरालीगल) लावायचं असेल तर नाला या पॅरालीगलांच्या संस्थेची वेगळी परीक्षा आहे, एक ऑब्जेक्टिव्ह आणि एक लिखाणाची. ती लगेच द्यायची गरज नाही. कॉलेज निवडताना इंटर्नशिप ते लावून देतात की आपली आपण शोधायची, हे मात्र खोदून विचारा. माझ्या मते एबीएच्या शिक्क्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

शेंडेफळ:
दोघांचेही आभार. म्हणजे सर्टिफिकेटच. प्रोसिजरची झलक म्हणून फेडरल नियम उघडून बसले तर मुदत मोजण्यातच अडकले. ३ मार्चला समन्स मिळालं आणि उत्तराला २१ दिवस, तर शेवटचा दिवस २३ की २४?

खर्डेघाशी:
२४. समन्स मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, मधले शनिवार-रविवार मात्र धरायचे. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टीचा आला तरच पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. पण हे फेडरलचं झालं हां, राज्याच्या कोर्टात दिवसही वेगळे आणि काही ठिकाणी मोजायची पद्धतही, त्यामुळे केस कुठल्या कोर्टात आहे ते आधी बघायचं आणि मगच कॅलेंडरवर तारीख टाकायची.