रेसिडेन्शिअल कॉलेज की साधं डॉर्म? भाचीसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

भाचीला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: एक येल, दुसरं एक मोठं सरकारी विद्यापीठ. शिक्षण दोन्हीकडे तिच्या मनासारखं आहे, घोडं अडलंय ते राहण्यावर. मुलगी अबोल आहे, माणसांत रुळायला तिला वेळ लागतो. म्हणून हा प्रश्न मला फार मोठा वाटतो.

डॉर्मचं, म्हणजे विद्यापीठाच्या साध्या वसतिगृहाचं, मला कळतंय. खोली मिळते, मजल्यावर एक सीनियर विद्यार्थी आरए (रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे मुलांची देखरेख करणारा) म्हणून असतो, पुढच्या वर्षी बहुधा दुसरी इमारत आणि नवे शेजारी. अभ्यासाची अडचण आली तर हाउसिंग ऑफिसचा त्याच्याशी संबंध नाही.

येलमध्ये १४ रेसिडेन्शिअल कॉलेजं आहेत, म्हणजे एकाच विद्यापीठातले मुलांचे राहण्या-जेवण्याचे छोटे समूह. पहिली १९३३ साली उघडली, शेवटची दोन २०१७ मध्ये. मुलं पोचायच्या आधीच विद्यापीठ त्यांचं कॉलेज ठरवतं आणि पदवीपर्यंत सहसा तेच राहतं. पहिल्या वर्षी बरेच जण ओल्ड कॅम्पसवर (पहिल्या वर्षाच्या मुलांच्या सामाईक वसतिगृहांच्या आवारात) राहतात, तरी ते आपापल्या कॉलेजचेच. जेवणाचा हॉल, लायब्ररी, मधलं अंगण प्रत्येकाचं वेगळं. हेड (कॉलेजचे प्रमुख) आणि डीन (मुलांच्या अभ्यासाकडे बघणारे) तिथेच राहतात. आजारपणात असाइनमेंटची मुदत हुकली तर या डीनकडेच जायचं. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. मात्र ऑक्सफर्डसारखं कॉलेजनेच प्रवेश देणं, शिकवणं इथे नाही. ते विद्यापीठ करतं.

माझी काळजी अशी: चार वर्षं तीच माणसं. सूर जुळले तर उत्तमच, पण नाही जुळले तर? अशा ठिकाणी राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
मी अमेरिकेतल्याच राइस विद्यापीठात शिकलो, तिथेही हीच पद्धत. कॉलेज आपल्याला नेमून दिलं जातं, आणि पुढे बाहेर खोली घेतली तरी सदस्यत्व तिथलंच राहतं. अबोल मुलांना याचा फायदाच होतो असं मी पाहिलंय. ओ-वीकमध्ये, म्हणजे नव्या मुलांच्या ओळखीच्या पहिल्या आठवड्यात, सीनियर मुलं नवख्यांना छोट्या गटात घेऊन फिरतात, मग रोज जेवताना तेच चेहरे दिसतात. ओळख काढायला स्वतःहून जावं लागत नाही. डॉर्ममध्ये हे सगळं तिलाच जुळवावं लागेल, तेही दरवर्षी.

सूर नाही जुळले तर येलमध्ये कॉलेज बदलण्यासाठी अर्ज करता येतो. शिवाय वर्ग, क्लब, प्रयोगशाळा सगळ्या कॉलेजांच्या एकत्रच असतात, त्यामुळे मैत्री कॉलेजबाहेरही होते. तिला तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीशी फोनवर बोलायला सांगा, आणि दुसऱ्या विद्यापीठाला एवढं विचारा: दुसऱ्या वर्षी कॅम्पसवर खोलीची खात्री आहे का?