ओढ्यालगत बोटिंगचा तलाव करतोय, काठावरचे पक्षी टिकतील असं काय करता येईल?

मुळाकाठ:
नमस्कार. पौडच्या खाली मुळेला एक ओढा मिळतो, त्या बेचक्यात आमची जमीन आहे. भात निघालं की पडूनच असते. धाकट्या दिरांनी कृषी पर्यटन काढायचं ठरवलंय: चार खोल्या, चुलीवरचं जेवण आणि पॅडल बोटींसाठी दोनेक एकरांचा तलाव. कंत्राटदाराचा आराखडा असा की ओढ्याच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवायचं, चहूबाजूंनी दगडी पिचिंग (म्हणजे उतारावर दगडांचं अस्तर), वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि खांबांवर दिवे. "आधी ही घाण काढू," म्हणाले. घाण म्हणजे लव्हाळं, पाणकणीस, एक उंबर आणि बाभळी. त्या बाभळींना पावसाळ्यात सुगरणीची घरटी लटकतात आणि नदीकडच्या दरडीत वेडे राघू बिळं करतात.
तलाव नकोच असं माझं म्हणणं नाही, घरात पैसा यायला हवा. पण आराखड्यात नेमकं काय बदलायला सांगू? "पर्यावरण" म्हटलं की दिरांना हसू येतं, म्हणून खोदकामाच्या भाषेत सांगा.

पाटकरी:
ताई, उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, मला दुसरी भाषा येतच नाही.
ओढा अडवू नका. मृगाच्या पहिल्या पुराला नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यात चढतात. गावात चढणीचे मासे धरणारे असतीलच, त्यांना विचारा. तोंडाशी बांध पडला की ती वाट बंद. दिरांना मात्र मासे सांगू नका, गाळ सांगा: ओढ्याचा सगळा गाळ तलावात बसणार आणि काही वर्षांत बोट तळाला घासणार. त्यापेक्षा तलाव ओढ्याच्या बगलेला खणा. ओढा वाहता राहू दे, पुराचं वरचं पाणी चारीने आत घ्या, जादा झालेलं सांडव्यावरून नदीत सोडा.
आता काठ. खरा घोळ इथेच होतो. पक्ष्यांना पाण्याइतकाच, किंबहुना जास्तच, काठ लागतो. उजनी धरणाचं पाणी माणसानेच अडवलेलं आहे, तरी त्याच्या काठच्या भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) येतात, कारण पाणी ओसरेल तशी सपाट चिखलाची पट्टी उघडी पडत जाते. पुण्याखाली कवडीपाटला मुळा-मुठेचं पाणी नाकाला रुमाल लावावा असं, तरी हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. पाणी उथळ आहे, मधे खडक आहेत. शेकाट्या, तुतवार यांना घोटाभर पाणी आणि मऊ चिखल हवा. पिचिंगच्या उतारावर त्यांनी उभं कुठे राहायचं?
पॅडल बोटीला मीटर-सव्वा मीटर खोली पुरते. ती धक्क्याच्या बाजूला द्या, तिथे पिचिंगही खुशाल करा. नदीकडे मात्र उतार एकास दहा (दहा फूट आत गेल्यावर एक फूट खोल) किंवा त्याहून सपाट, आणि काठाची रेघ वाकडीतिकडी. उन्हाळ्यात पाणी उतरेल तसं उतरू द्या. शेततळ्यासारखा तीव्र उतार आणि वर प्लास्टिक तर मुळीच नको, आत पडलेलं जनावर त्यावरून वर येऊ शकत नाही.
ट्रॅक गोल हवा हा हट्ट सोडा. माणूस चहूबाजूंनी फिरला तर पक्ष्याला बसायला बाजूच उरत नाही. निम्मा काठ पाहुण्यांचा. उरलेल्या निम्म्याकडे माणूस नाही की बोट नाही, पाण्यात पिंपांची तरंगती दोरी टाकून हद्द आखा. दरड तासू नका, तिच्यावर झाडंही लावू नका, राघूंना उघडी उभी मातीच लागते.
कायद्याचं म्हणाल तर २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र आणि खास मनोरंजनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणजे तिकडून अडवायला कोणी येणार नाही. (ही पळवाट आहे असं माझं मत, पण ते असो.) निळी पूररेषा मात्र तपासा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेघ, तिच्या आत बांधकामाला मनाई असते. दिरांच्या चार खोल्या कुठे येतात ते आधी बघा.

टिटवी_बावधन:
काकांशी सहमत, पण जेसीबी कधी लावणार? सगळे एप्रिल-मे म्हणतात, जमीन कोरडी असते म्हणून. नेमकी तेव्हाच टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते आणि राघू बिळात असतात. भात निघाल्यावर सुरू करा, दरडीजवळचं काम जानेवारीअखेर उरका.
दिवे खांबांवर नकोत. गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि जेवणं आटोपली की बंद. खरकटं उघड्यावर टाकलंत तर कुत्री जमतील आणि जमिनीवरचं एकही घरटं वाचणार नाही. पाण्यात चिलापी किंवा ग्रासकार्प सोडू नका, ग्रासकार्प पाणवनस्पतीच खातो. संडास-मोरीचं पाणीही तलावात जाता कामा नये, जलपर्णीला तेवढंच निमित्त लागतं. पाषाण तलाव एकदा बघून या.

रोखठोक:
भावनेत वाहू नका. पाहुणे बोट आणि फोटोसाठी येतात, चिखल बघायला नाही. निम्मा काठ सोडून धंदा कसा होणार?

पाटकरी:
@रोखठोक, हिवाळ्यात भिगवणला जाऊन या. लोक पुण्या-मुंबईहून पहाटे निघून तो चिखलच बघायला येतात आणि त्यावर तिथल्या मासेमारांच्या होड्या चालतात. पॅडल बोटी काय, पुण्याभोवती रिसॉर्ट-रिसॉर्टला आहेत.

मुळाकाठ:
सगळ्यांचे आभार. गाळाचं दिरांना लगेच पटलं, ओढा आता वाहता राहणार. बाभळी आणि उंबरही राहतायत. ट्रॅकवरून अजून वाद आहे. भिगवणचं सांगितल्यावर "मग पक्षी बघायला एक मचाण तरी बांधू" एवढ्यावर आलेत. नदी आमच्या पश्चिमेला आहे. मचाण नदीकडे बांधू का? तिथून जवळून दिसेल.

पाटकरी:
नदीकडे अजिबात नको, ती बाजू पक्ष्यांना दिलीय ना? पूर्वेच्या काठावर घ्या. सकाळी ऊन पाठीशी राहील आणि समोरचे पक्षी उजेडात दिसतील. मचाणाची उंची कशाला, जमिनीवरच कुडाची भिंत उभी करून डोळ्याच्या उंचीला खिडक्या ठेवा. एक खिडकी पोरांच्या उंचीला. संध्याकाळी तिथे डोळ्यांवर ऊन येतं, त्या वेळी पाहुण्यांना बोटीत बसवा.