मदत हवी आहे: १९२३ ची महागाई आणि हिटलर, दुवा नेमका कुठे?

एमएच्या पेपरसाठी वायमार जर्मनी (१९१९ ते १९३३ चं जर्मन प्रजासत्ताक) वाचतेय. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह, १९२३ ची महागाई, मग हिटलर ही ठरलेली साखळी काही पटत नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटेनमार्क हा नवा मार्क आला, चलन सावरलं. आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम १२ जागा! त्यांच्या १०७ झाल्या १९३० मध्ये, मंदी आल्यावर. बरं, सगळं बेकारीवर ढकलावं, तर बेकार कामगार बरेचसे कम्युनिस्टांकडे वळलेले दिसतात.

निवडणुकांचे आकडे, तहाची कलमं पाहून झालीत, त्यामुळे व्हर्सायवर पुन्हा चर्चा नको. जर्मन येत नाही, इंग्रजी-मराठीतलंच सुचवा.

१९२३ च्या महागाईत बचत बुडालेल्या मध्यमवर्गाचा राग १९३० च्या मतदानात उतरला याला पुरावा काय? की ही मतं मधल्या काळात आधी छोट्या पक्षांकडे गेली होती?