मदत हवी आहे : ‘एस्पोझितो’ आडनावाच्या जुन्या नोंदी

नमस्कार मंडळी, इटालियन आडनावांवर लेख लिहितेय आणि ‘एस्पोझितो’पाशी अडकलेय. नेपल्स परिसरात हे आडनाव फार आढळतं. मूळ लॅटिन ‘एक्स्पोझितुस’, म्हणजे उघड्यावर सोडलेलं मूल. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता अनाथाश्रमाच्या भिंतीत फिरतं लाकडी चाक होतं (बाहेरून बाळ ठेवून ते आत फिरवायचं); त्यात ठेवलेल्या बाळांना पूर्वी हेच आडनाव मिळे. चाक १८७५ मध्ये बंद झालं. (फ्लॉरेन्समध्ये अशा मुलांना ‘इनोचेन्ती’, मिलानमध्ये ‘कोलोंबो’.)

आन्नुन्त्सियाताच्या जुन्या नोंदवह्या कोणी पाहिल्यात का? शोधायला बाळ दाखल झाल्याची तारीख लागते की नुसत्या नावावर भागतं? बाळासोबत आईनं ठेवलेल्या खुणा, चिठ्ठ्या यांच्या नोंदी मला मनापासून वाचायच्या आहेत. इटलीत राहणाऱ्यांनी कृपया जरूर कळवा.