मदत हवी आहे: औषध घालूनही रक्तवाहिन्या वाढतातच

मांडवीकर: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी गाइडना दाखवायचाय. व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) पेशीवर ज्या रिसेप्टरला चिकटतं तो अडवणारं औषध कोंबडीच्या अंड्यात घातलं, पण रक्तवाहिन्यांचं जाळं कंट्रोलसारखंच, म्हणजे औषध न दिलेल्या अंड्यांसारखंच दिसतंय. औषध खराब निघालं का? लवकर सांगा प्लीज.

अनुराधा: कोणतं औषध? कितव्या तासाला? अंडी फलित आहेत ना, की दुकानातली?

मांडवीकर: फलितच आहेत हो, हृदय धडधडताना दिसतंय. औषध एसयू५४१६, चौथ्या दिवशी घातलं.

भूलतज्ज्ञ: माझ्या वडिलांना डोळ्यात व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन दिलं होतं, मधुमेहाने पडदा खराब झाला होता. छान गुण आला.

अनुराधा: चौथ्या दिवशी फार उशीर झाला. एफजीएफ हे दुसरं वाढीचं प्रथिन गर्भाच्या मधल्या थरातल्या पेशींना रक्तवाहिन्यांच्या वाटेला लावतं, मग व्हीईजीएफ त्यांना जगवतं आणि नळ्या करायला लावतं. बलकावरचं पहिलं जाळं दुसऱ्या दिवशीच दिसतं. साधारण ३३ तासांनी हृदय चालू झालं की रक्ताच्या ओघाने काही फांद्या रुंदावतात, काही मिटतात. पुढे पीडीजीएफ या आणखी एका प्रथिनामुळे भोवती पेरिसाइट (वाहिनीला आधार देणाऱ्या पेशी) जमतात आणि त्या वाहिन्यांना व्हीईजीएफची तेवढी गरज राहत नाही. नव्या कोंबांवर मात्र परिणाम दिसायला हवा. जाळ्याच्या कडेला बघितलंस का?

जुना_लॅबवाला: वेळेचं काही नाही. डोस दुप्पट करा, आम्ही असंच काम काढायचो.

अनुराधा: डोसने गर्भच मेला तर रक्तवाहिन्यांबद्दल काय कळणार? १९९६मध्ये दोन गटांनी दाखवलं, उंदराच्या व्हीईजीएफ जनुकाची एकच प्रत गेली तरी गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास मरतो. प्रमाण इतकं नाजूक आहे!

जुना_लॅबवाला: ते उंदीर. कोंबडीचं वेगळं.

सयाजीगंज: आणि बडोद्यात मे महिन्यात तासांवर विसंबू नका. खोलीत ३५ अंश असलं तर इनक्युबेटरमध्ये ठेवण्याआधीच वाढ सुरू होते. सोमाइट (गर्भाच्या पाठीवरचे जोडीजोडीने येणारे ठोकळे) मोजून हॅम्बर्गर-हॅमिल्टनची, म्हणजे कोंबडीच्या गर्भवाढीच्या तक्त्यातली, स्टेज लिहा.

मांडवीकर: अंडी दोन दिवस बाहेरच होती. त्याने एवढा फरक पडतो?

सयाजीगंज: पडतो. टाकून दे ती. नवी अंडी थंड जागी ठेव आणि सगळी एकदम लाव.

अनुराधा: कंट्रोलला नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) दिलंस, की काहीच नाही? हे अजून सांगितलं नाहीस.